बाराशे पायाळू

रोपवाटिकेत नोकरी होती म्हटलं की लोक लगेच हळवे होतात. "वा! म्हणजे निसर्गाच्या सहवासात!" निसर्ग कसला डोंबलाचा? डहाणूकडे, सरावलीजवळच्या एका रोपवाटिकेत मी एकोणीस वर्षं देखरेखीचं काम केलं, आणि त्यातली निम्मी वर्षं गिऱ्हाइकांशी हुज्जत घालण्यात गेली. एक निवृत्त हेडमास्तर दर वर्षी येऊन वटवाघळांना आवडणार नाही पण नातवंडांना आवडेल असं चिकूचं कलम मागायचे. झाई गावचे एक गृहस्थ टोमॅटोची रोपं घेऊन गेले आणि आठवड्याने परत आले. तक्रार काय, तर रोपं त्यांच्याकडे पाठ करून उभी राहतात. अहो, ती खिडकीत ठेवली होती. रोप उजेडाकडे वळणार की तुमच्या तोंडाकडे?

ह्या अंकासाठी धंद्यातली एखादी फजिती लिहा, असा निरोप आला. दुसऱ्याची लिहिली तर तो माणूस घरी येतो, असा अनुभव आहे. म्हणून माझीच लिहितो.

आधी धंदा समजून घ्या. संकरित ढोबळी मिरचीचं बी दहा ग्रॅमच्या पाकिटात येतं. आत बाराशेच्या आसपास दाणे, चपटे, तिळाहून जरा मोठे. हे बी शेतात नुसतं फेकून चालत नाही. ते आधी आडोशाला, घरात उगवून घ्यायचं. काळ्या प्लास्टिकचे ट्रे असतात, एकेका ट्रेला शंभरेक खळगे. खळग्यांत कोकोपीट भरायचं, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. एका खळग्यात एक बी. उगवेपर्यंत ट्रे उबेत झाकून ठेवायचे, उगवलं की उजेडात काढायचे, आणि पाच-सहा आठवड्यांनी रोप वीतभर झालं की शेतात लावायचं. ऐकायला सोपं आहे. पण मिरचीचं बी महानखरेल. थंडीत ते उगवत नाही, झोपून राहतं आणि झोपेतच कुजतं. म्हणून हिवाळ्यात त्याला ऊब लागते. मिटलेल्या मुठीत असते तेवढीच, जास्त नाही.

आमच्या मालकांनी त्यासाठी एक खोली बांधली होती आणि फुग्याच्या कारखान्यातून भंगारात काढलेला हिटर तिच्यात बसवला होता. डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, ओले फुगे वाळवायला तिथे गरम हवा सोडतात. त्या हिटरला आयुष्यभर फुगेच माहीत. त्याला चालू आणि बंद ह्या दोनच गोष्टी कळायच्या. मग मी दार किलकिलं ठेवायचो, दर तासाला आत हात घालून अंदाज घ्यायचो. "माझा हात म्हणजे थर्मामीटर," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो. फार शेफारलो होतो मी.

२०१५ च्या डिसेंबरात मनीषा आली. पोटात नवव्या महिन्याचं पोर आणि पिशवीत ढोबळी मिरचीची दोन पाकिटं. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडचा पाडा तिचा, तिथे भात आणि नाचणी पिकते. बचत गटातून तिच्या नावावर एक लहानसं शेडनेट उभं राहिलं होतं, म्हणजे बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी. जाळीत मिरची लावणारी ती पाड्यावरची पहिलीच बाई. तिचे सासरे देवजीबाबा, त्यांनाही जाळी बघताक्षणी आवडली होती, पण कोंबड्यांसाठी. "वारा येतो, मुंगूस येत नाय. ह्यापेक्षा झकास खुराडा कुठं गावेल?" होळीपर्यंत आत पीक उभं राहिलं नाही तर कोंबड्या आत जाणार, असं घरात ठरून गेलं होतं. नवरा वापीला कारखान्यात. तो महिन्यातून दोनदा यायचा आणि कोणाच्याच बाजूने बोलायचा नाही.

"काका, एक पाकीट तुम्ही पेरा. दुसरं माझ्याकडं ठेवते," ती म्हणाली.

"दुसरं कशाला ठेवतेस?"

"माणसाचा काय भरोसा," ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो, कारण ती माझ्याबद्दल बोलत नसणार असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी विवळवेढ्याला एका लग्नाचं जेवण होतं. मी गेलो. जाताना दार किलकिलं ठेवायचं राहिलं. पंगतीला बसलो, जिलेबीचा आग्रह झाला, मग व्याह्यांनी चिकूच्या बागेवर सल्ला मागितला आणि सल्ला द्यायचा म्हटलं की मला वेळेचं भान राहत नाही. परत येऊन खोलीचं दार उघडलं तर आतून इडलीच्या भांड्यासारखी वाफ आली. मालक मागे उभे. "अरे भाय, आ शूं कर्यूं?" हे काय केलं, असं गुजरातीत म्हणाले आणि डोक्याला हात लावून बसले.

मनीषाला निरोप धाडला. ती आली. एका खळग्यातलं बी उकरून तिने दोन बोटांत चुरलं. त्याचं पीठ झालं.

"काका, हे शिजलं."

"हो गं."

"मीठ घातलंत का?"

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. त्या जातीचं बी त्या हंगामात डहाणू-तलासरीच्या एकाही दुकानात शिल्लक नव्हतं, मी पाच ठिकाणी विचारून आलो होतो. आता तिच्याकडचं दुसरं पाकीट म्हणजेच तिची मिरची. ते वाचलं तर जाळी तिची, नाहीतर कोंबड्यांची.

"ते मला दे, ह्या वेळी डोळ्यात तेल घालून..."

"नको. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी कोंब आणते. तुम्ही नुसतं सांगा कसं करायचं."

मान खाली घालून सांगितलं. बी रात्रभर भिजव, जुन्या मऊ ओल्या फडक्यात पुरचुंडी बांध, उबेला ठेव, फडकं सुकू देऊ नकोस. बारा ट्रे आणि भुशाचं पोतं तिच्याबरोबर जीपवर चढवून दिलं. सातव्या दिवशी मी येईन, मोड आलेलं एकेक बी चिमट्याने उचलून, मूळ खाली करून ट्रेमध्ये लावीन, तोपर्यंत कोणी हात लावायचा नाही.

ठरल्याप्रमाणे सातव्या दिवशी मोटारसायकल काढली आणि चिमटा खिशात घालून पाड्यावर पोचलो. घरापुढे राखेची रेघ ओढलेली, दारात कडुलिंबाची डहाळी. देवजीबाबा अंगणात बाजेवर कंबर धरून पडले होते.

"पोरगी झाली," ते म्हणाले. "ती तुझ्याकडून आली आन् दुसऱ्याच दिवशी कळा लागल्या. दवाखान्यात सुटली. आता घरात हाय."

मी तोंड भरून अभिनंदन केलं आणि दाराकडे वळलो. तोच आतून आवाज आला, "थांब! कोण तू?"

"मी रोपवाला, सरावलीचा."

"आत यायचा नाय. सुवेर हाय. बारा दिस."

ही जाईबाय, पाड्यावरची जुनी सुईण. बाळंतपणं आता दवाखान्यात होतात, पण घरी आल्यावर बाळ-बाळंतिणीवर राज्य जाईबायचंच. सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. बाराव्या दिवसापर्यंत परका माणूस बाळंतिणीच्या खोलीत जात नाही आणि खोलीतली वस्तू बाहेर येत नाही. माझी पुरचुंडी, माझे ट्रे, सगळं त्या खोलीत. तिथे दिवसरात्र शेगडी, दारं बंद, वाऱ्याची झुळूक नाही. मनात म्हटलं, आमच्या मालकांनी हिटरऐवजी एक बाळंतीण ठेवली असती तर काम झालं असतं.

खोलीची भिंत कारवीच्या कुडाची, वर शेणाचं सारवण. मी भिंतीला तोंड लावून विचारलं, "आजी, बी कसं आहे?"

"सुखरूप. एक वंगाळ झाला होता, पण मी निस्तरला."

 "काय झालं?"

"पायाळू निघाली. सगळीच्या सगळी."

पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो. अशा माणसावर वीज पडते म्हणतात, त्याला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात, आणि कोणाची कंबर धरली असेल तर पायाळूने लाथ मारली की सुटते, असंही म्हणतात. आदल्या रात्री पाचवी होती. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते. जाईबायला वाटलं, खोलीत आणखी बाराशे जीव आहेत, त्यांचंही लिहून होऊ दे. म्हणून तिने पुरचुंडी सोडून पूजेच्या पाट्यापुढे ठेवली. बघते तर प्रत्येक बियातून एक पांढरा पाय बाहेर.

"अहो आजी, ते मूळ आहे! बियाचं मूळच आधी येतं! सगळ्या बियांचं! भाताचं बघितलं नाहीत का कधी?"

"भात काय घरात जन्मतो काय?"

 "बरं, निस्तरलं म्हणजे काय केलंत?"

"फिरवली."

 जाईबायने शांतपणे सांगितलं. पोटात पोर पायावर असलं की सुईण पोटाला तेल लावून त्याला फिरवते. डोकं खाली, पाय वर. तसं झालं की पोर सुखरूप येतं. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. तेव्हा पूजेला आलेल्या बायांना तिने बसवून घेतलं, ट्रेमध्ये भुसा भरला, आणि सगळ्यांनी मिळून बाराशे बियांना डोकं खाली, पाय वर असं एकेका खळग्यात नीट बसवलं.

"किती नीट?" मी विचारलं. 

"येकाचाही पाय मोडला नाय."

म्हणजे आत काय होतं बघा. बारा ट्रे, आणि प्रत्येक खळग्यातून आभाळाकडे पाय करून उभी असलेली मिरची. कोवळं मूळ उघड्यावर दिवसभर राहिलं तर सुकून जातं, मग ब्रह्मदेव आला तरी ते उगवत नाही. आणि शेगडी धगधगत होती.

"आजी, परत उलटी करा! आत्ताच्या आत्ता!"

"नाय." आवाज लोखंडासारखा. "फिरवलेला पोर परत फिरवीत नाय. नाळ मानेला बसते."

 तिचं कारण चुकीचं असलं तरी हुकूम शंभर टक्के बरोबर होता. मोड आलेल्या बियाला दुसऱ्यांदा हात लावला की मूळ तुटतंच, हे मी स्वतः हाताखालच्या बायकांना वर्षानुवर्षं ओरडून सांगत आलो. आणि दुसरंही मला ठाऊक होतं, निदान पुस्तकात वाचलं होतं. मूळ कसंही ठेवा, ओल असली तर ते आपलं आपण वळून खाली जातं. फक्त बाराशे मुळांवर हा प्रयोग करायची वेळ माझ्यावर आली नव्हती.

"बरं, मग वरून भुसा टाका. अर्धं बोट जाड. हवा लागायला नको. आणि पाण्याचा फवारा..."

"भुसा कशाला?"

मी वैतागून म्हटलं, "अहो, पाय उघडे आहेत त्यांचे! थंडी नाही का लागणार?"

 आतून जाईबाय कडाडली, "मग पांघरूण घाल म्हणून सांग ना! भुसा, फवारा, काय लावलाय! आगं पोरींनो, पांघरूण घाला सगळ्यांना!"

तेवढ्यात मेख कळली मला. पुढचे पाच दिवस मी रोज हातातलं काम टाकून सरावलीहून पाड्यावर जायचो आणि भिंतीला तोंड लावून सुइणीच्या भाषेत रोपवाटिका चालवायचो. "आज अंघोळ घातली?" "घातली." "कोमट?" "तर काय, गार घालू?" "शेगडी जवळ नाही ना? अंगाची लाही होईल." "मला शिकवतोस?" एकदा तिने मलाच विचारलं, धुरी द्यायची का. मी म्हटलं, बाळाला द्या, ह्यांना नको, ह्यांचं नाक नाजूक आहे. हे तिला पटलं. मनीषा आतून फारसं बोलायची नाही. "आलं का गं काही वर?" एवढंच मी रोज शेवटी विचारायचो, आणि ती रोज म्हणायची, "नाय काका, अजून नाय."

आणि बातमी पसरली. देवजीबाबांच्या घरात बाराशे पायाळू जन्माला आलेत. तिसऱ्या दिवशी मी पोचलो तर अंगणात माणसं. कुणी भात कापून कापून वाकलेला, कुणी वाळू भरून, एक तर जीपवाला होता, त्याची कंबर खड्ड्यांनी गेलेली. सगळ्यांना लाथ हवी होती. जाईबायने आतून जाहीर केलं की ट्रे बाराव्यापर्यंत बाहेर येणार नाहीत, पण भिंतीला कंबर टेकवून उभं राहायला हरकत नाही.

"भिंतीतून लागू पडेल का?" जीपवाल्याने शंका काढली.

"येक असता तर नाय पडला. बाराशे हायेत."

तेव्हा पाचसहा माणसं भिंतीला पाठ लावून रांगेत उभी, आणि त्यांच्या मधल्या फटीत मी, भिंतीला तोंड लावून, "पांघरूण सरकलं नाही ना?" असं ओरडतोय. मोबाइलवर मालकांचा फोन, कुठे आहात म्हणून. "क्यां छो?" मी म्हटलं, साहेब, उगवण तपासतोय.

सगळ्यात आधी कोण टेकलं असेल? देवजीबाबा. चौथ्या दिवशी ते बाजेवरून उठले, अंगणभर चालून दाखवलं आणि म्हणाले, "गेली कळ." ती खरंच गेली की रोज माणसं जमत होती म्हणून पडून राहायला लाज वाटली, देव जाणे. पण त्या दिवसापासून ते काठी घेऊन दारात बसले. पायाळूंच्या खोलीकडे एक कोंबडी फिरकू देईनात.

मला मात्र हसू येत नव्हतं. एकदा चूक झाली ती हातून झाली. आता दुसऱ्यांदा सगळं कुजलं तर मी रोज येऊन, बोलून, सांगून कुजवलं असं होणार होतं. अकराव्या दिवशीही मनीषाचं तेच, "अजून नाय." त्या दिवशी परत येताना चारोटीच्या आसपास मोटारसायकल बाजूला घेऊन मी थांबलो आणि आयुष्यात पहिल्यांदा डहाणूच्या महालक्ष्मीला मिरचीसाठी नवस बोललो.

बाराव्या दिवशी दार उघडलं. आधी बाळ बाहेर आलं, मग मनीषा, मग बायका एकेक ट्रे डोक्यावर घेऊन. मी पहिला ट्रे खाली उतरवला. भुसा जागोजाग फुगला होता, आणि त्यातून छत्रीच्या मुठीसारख्या वाकड्या पोपटी माना वर येत होत्या. त्याच पहाटे फुटलेल्या. मुळं खरंच गिरकी घेऊन खाली गेली होती. शंभरातल्या ऐंशी तरी असतील, माझ्या खोलीत चांगल्या वर्षी येतात तेवढ्याच. मी तिथेच अंगणात फतकल मारली आणि रडलो. खोटं कशाला सांगू? जाईबायने माझ्या हातात गूळ ठेवला, बाळाचा की मिरचीचा ते तिने सांगितलं नाही.

सहा आठवड्यांनी लावणी. होळीला अजून अवकाश होता. रोपं वीतभर झाली होती, पण बुंध्याशी प्रत्येकाला एक वळसा, जिन्याला असतो तसा. ट्रेमधून रोप काढताना देठ धरायचा नाही, खालून बोटाने ढकलायचं, मुळांभोवतीचा भुशाचा गठ्ठा अखंड निघाला पाहिजे. हे मी सांगत होतो आणि पाड्यावरच्या बाया ऐकत होत्या. जाळीत बांबूला झोळी बांधून पोरगी झोपवली होती. जाईबाय झोळीपाशी बसून सगळ्यांवर लक्ष ठेवून होती.

मनीषा आणि मी एकाच वाफ्यावर समोरासमोर उकिडवे बसलो होतो. इतके दिवस मनात होतं ते मी विचारलं. "पाचवीला ह्या सगळ्या जणी बी उलटं लावत होत्या, तेव्हा तू झोपली होतीस ना गं?"

"नाय. जागी होते."

"तुला तर मी सांगितलं होतं, मूळ खाली म्हणून!"

"सांगितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खड्डा केला, रोप हातातच धरून ठेवलं. "काका, जाईबायच्या हातातून पाड्यावर येकही पोर गेला नाय. तुमच्या हातातून तीन दिसांत बाराशे गेली. मी कोनाचा आयकू?"

 कान तापले. इतक्या वर्षांचा अनुभव, थर्मामीटर हात, सगळं त्या वाफ्यात मातीला मिळालं. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि हे कबूल करायला मला पुढे दोन हंगाम लागले.

"आता हे सांगा," ती म्हणाली, "ह्याचा हा वळसा वर ठेवू का मातीत घालू?"

ढोबळी मिरची खोल लावायची नाही, हा नियम. ट्रेमध्ये होती तेवढीच. पण वळसा वर राहिला तर रोप वाऱ्याने तिथेच मोडणार. असं रोप मी जन्मात लावलं नव्हतं. मी ते हातात घेतलं, फिरवून बघितलं, वळशापाशी बोट लावलं. पुस्तकात काही आठवेना.

"मातीत घाल," मी म्हटलं. "वळसा झाकेल एवढंच. वर अजिबात नको."

मनीषाने ऐकून घेतलं. मग मान वळवून झोळीकडे बघितलं आणि हाक मारली, "जाईबाय, काका सांगतात तसा करू काय?"

सगळ्या जाळीतल्या बाया थांबल्या. जाईबाय उठली, गुडघ्यावर हात ठेवत वाफ्यापर्यंत आली, माझ्या हातातलं रोप घेऊन तिने त्याच्या वळशावरून अंगठा फिरवला, आणि मग माझ्याकडे निरखून बघितलं.

"कर," ती म्हणाली. "ह्यो आता शिकला."